तोच अल्बम परत कशाला?

सोल म्युझिकशी, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या गायकांनी गाजवलेल्या गाण्यांशी, माझं लहानपणापासूनचं नातं वगैरे अजिबात नाही. मी मिरजेचा. शाळेच्या वाटेवर सतारमेकरांची दुकानं लागायची, आत कुणीतरी भोपळा घासत बसलेला असायचा, आणि घरी रेडिओवर जे लागेल ते. ओटिस रेडिंग, अल ग्रीन, अरिथा फ्रँकलिन ही त्यातल्या गायकांची नावं तिशी येईपर्यंत कानावर पडली नव्हती, पडली असली तरी डोक्यात शिरली नव्हती. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो कारण जुने अल्बम नव्याने निघायला, म्हणजे रिइश्यू व्हायला लागले की लोक एक ठरलेलं वाक्य टाकतात, नॉस्टॅल्जियाचा धंदा आहे हो सगळा, म्हाताऱ्या होत चाललेल्या लोकांना त्यांचं कॉलेज परत विकतायत. विकत असतील बापडे. पण माझं कॉलेज सांगलीचं, तिथे कुणी ओटिस लावत नव्हतं, मग मी का अधूनमधून साठ वर्षांपूर्वीचा एखादा अल्बम नवाकोरा पॅक फोडून ऐकत बसतो?

घरात हाच प्रश्न जरा थोडक्यात येतो. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, दारात चौकोनी खोकं पडलं की बायको ते आत आणते, वजनावरूनच ओळखते, आणि मग, "अरे, हा आहे ना आपल्याकडे?" आहे. सीडी आहे, फोनवर तर आहेच, गराज सेलमध्ये मिळालेला एक खरखरीत एलपीसुद्धा आहे. "मग?" मग काय सांगणार, हा मोनो आहे. यावर ती जी हसते त्याला माझ्याकडे उत्तर नसतं. बाहेरून बघितलं तर तिचंच बरोबर आहे, एकाच अल्बमचे परत परत पैसे मोजायचे आणि ते कशासाठी तर दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज यावा म्हणून.

मला ही गोडी लावली ती ऑफिसातल्या एका सीनियर सहकाऱ्याने, मूळचा मेम्फिसचा माणूस, आता रिटायर झालाय. त्याने मला पहिल्यांदा गायक ऐकायला सांगितलाच नाही. म्हणाला, खोली ऐक. मला काही कळलं नाही. खोली काय ऐकायची? मग त्याने स्टॅक्सचं सांगितलं, आणि ते एकदा कळल्यावर मी या नादातून बाहेर आलो नाही.

तर स्टॅक्स. जिम स्टुअर्ट म्हणून एक बँकेत नोकरी करणारा, हौशी फिडल वाजवणारा गोरा माणूस, त्याने १९५७ साली मेम्फिसमध्ये सॅटेलाइट नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. थोरली बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन हिने पुढे स्वतःचं घर गहाण ठेवून रेकॉर्डिंगच्या मशीनला पैसे उभे केले. १९६१ ला दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून कंपनीचं नाव झालं स्टॅक्स. जागा म्हणजे ईस्ट मॅक्लेमोर अ‍ॅव्हेन्यूवरचं बंद पडलेलं कॅपिटॉल थिएटर. खुर्च्या काढल्या, पण थिएटरची जमीन असते ना, पडद्याकडे उतरत जाणारी, ती तशीच ठेवली कारण सपाट करायला पैसे नव्हते. पडदा होता तिथे स्टेजवर कंट्रोल रूम. आणि पुढे, जिथे इंटरव्हलला पॉपकॉर्न विकायचे तिथे एस्टेलबाईंनी रेकॉर्डचं दुकान टाकलं. गल्लीतली पोरं दुकानात येऊन काय मागतात, कशावर नाचतात, हे बाई बघणार आणि मागे स्टुडिओत जाऊन सांगणार. असलं मार्केट रिसर्च आजच्या कुठल्या कंपनीकडे असेल असं वाटत नाही. त्या पोरांतलीच काही मागच्या दाराने स्टुडिओत पोचली. पुढे स्टॅक्सचा गीतकार झालेला डेव्हिड पोर्टर समोरच्या किराणा दुकानात पिशव्या भरायचा. बुकर टी. जोन्स शाळेत होता, १९६० मध्ये रेकॉर्डिंगला सॅक्सोफोन वाजवायला कुणी नव्हतं तेव्हा या पोर्टरनेच त्याला वर्ग चालू असताना बाहेर काढून आणलं. दोन वर्षांनी त्याच पोराच्या नावाचा बँड देशभर वाजत होता, बुकर टी. अँड द एमजीज, दोन काळे आणि दोन गोरे, आणि ते कुठे, तर ज्या शहरात त्या चौघांना बऱ्याच हॉटेलांत एका टेबलावर बसून जेवता येत नव्हतं तिथे.

आता खोली. उतरती जमीन असल्यामुळे छत आणि फरशी समांतर नाहीत, खोली अवाढव्य, आणि त्यात सगळे एकदम वाजवतायत. १९६५ च्या मध्यापर्यंत तिथे मोनोच रेकॉर्डिंग व्हायचं, म्हणजे एकच ट्रॅक, गायक, ड्रम, गिटार, ब्रास सगळं एकाच रेघेवर. नंतर बसून ड्रम थोडा कमी करू, आवाज थोडा वर घेऊ, हा प्रकारच नाही. ट्रम्पेटवाला चुकला तर सगळ्यांनी परत पहिल्यापासून. त्यामुळे त्या रेकॉर्डिंगमध्ये सगळे एकमेकांकडे बघून वाजवतायत हे अक्षरशः ऐकू येतं. अल जॅक्सन नावाचा ड्रमर होता तिथे, माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा माणूस तोच, पहिला घास तोंडात घालण्याआधी सवयीने क्षणभर थांबणारी माणसं असतात तसा तो प्रत्येक ठोक्याआधी नखभर थांबतो. या थांबण्याची एक गोष्ट सांगतात. मे १९६५ मध्ये विल्सन पिकेट हा गायक रेकॉर्डिंगला आला होता, स्टॅक्सच्या रेकॉर्ड बाजारात आणणाऱ्या अटलांटिक कंपनीचा जेरी वेक्सलर न्यूयॉर्कहून त्याच्याबरोबर आलेला, आणि ठेका नेमका कुठे पडायला हवा हे तोंडाने सांगता येईना म्हणून हा मोठा साहेब कंट्रोल रूममधून बाहेर येऊन तेव्हाचा फॅशनमधला जर्क नावाचा नाच करून दाखवायला लागला. बघा, इथे. बँडने तो झटका उचलला, दुसरा आणि चौथा ठोका किंचित मागे सरकला आणि पुढे कित्येक वर्षं तो तिथेच राहिला.

ही असली नखभर मागेपुढे होणारी गोष्ट फोनच्या स्पीकरवर ऐकू येते का? येतेही, पण अंगाला लागत नाही. चांगला रिइश्यू म्हणजे माझ्यासाठी एवढंच, की मूळ टेप शोधून काढून, कॉपीची कॉपी न वापरता, कुणीतरी कान लावून परत मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधीचा आवाजावरचा शेवटचा हात, केलंय आणि त्यामुळे तो ठोका मागे का सरकला हे मला खुर्चीत बसून पोटात कळतंय.

आता मोनोचं. ओटिस रेडिंगचा 'ओटिस ब्लू' हा अल्बम, १९६५ चा. जुलै महिन्यात साधारण एका दिवसरात्रीत संपवला, मधे काही तासांची सुट्टी, ती पण विश्रांतीसाठी नाही तर वाजवणाऱ्यांना रात्री क्लबात कार्यक्रम होते म्हणून. ते वाजवून आले आणि पहाटे परत इथे बसले. पियानोवर आयझॅक हेज, जो तेव्हा कुणी नव्हता, आधी मांस पॅक करायच्या कारखान्यात काम करायचा. सॅम कुक हा गायक आदल्या डिसेंबरात वारलेला, ओटिस त्याला मानायचा, म्हणून अकरातली तीन गाणी त्याची. रोलिंग स्टोन्सचं एक गाणं नुकतंच आलं होतं, गिटारवाल्या स्टीव्ह क्रॉपरला वाटलं हे घेऊ या, तो उठून पुढे एस्टेलबाईंच्या दुकानात गेला, रेकॉर्ड आणली, ऐकून शब्द कागदावर उतरवून घेतले आणि ओटिसच्या हातात दिले. ओटिसने ते गाणं धड ऐकलेलंही नव्हतं. ते त्याच्या तोंडून ऐका, म्हणजे कळेल की न ऐकल्याचा फायदा काय असतो.

तर याच सुमाराला अटलांटिकचा इंजिनियर टॉम डाउड याने तिथे दोन ट्रॅकचं मशीन आणलं होतं, म्हणून हा अल्बम मोनोतही आहे आणि स्टिरिओतही. स्टिरिओ स्वच्छ आहे, पण काही वाद्यं पार एका कडेला जाऊन बसलीत, आणि जी माणसं एका खोलीत घामाघूम होऊन एकमेकांच्या अंगावर वाजवत होती त्यांना कुणीतरी शाळेतल्यासारखं वेगवेगळ्या बाकांवर बसवलंय असं वाटतं. मोनोत ते सगळं एका गठ्ठ्याने अंगावर येतं. आणि नुसता मिक्सचा, म्हणजे वाद्यं-आवाज एकत्र जुळवण्याचा, फरक नाही बरं का, त्यातलं सगळ्यात गाजलेलं संथ गाणं मोनोत आणि स्टिरिओत चक्क वेगळं गायलेलं आहे. ते आधी सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या गाण्याची रेकॉर्ड म्हणून, निघालं होतं, जुलैत स्टिरिओसाठी परत गायलं. २००८ च्या रिइश्यूमध्ये मोनो आणि स्टिरिओ दोन्ही एकत्र दिलेत. एका रविवारी दुपारी मी ती दोन्ही पाठोपाठ ऐकली, मग परत उलट क्रमाने ऐकली, मग जेवण झाल्यावर परत. तोच माणूस, तेच गाणं, काही महिन्यांचं अंतर, आणि दुसऱ्यांदा गाताना त्याला पुढे काय येणार हे माहीत आहे. पहिल्यांदा माहीत नव्हतं. मला पहिलं आवडतं. आमच्याकडे एकच बंदिश दोन मैफलींत वेगळी लागते आणि लोक वर्षानुवर्षं त्यावर वाद घालतात, त्यामुळे हा खेळ मला नवा नाही, फक्त इथे तो तीनेक मिनिटांच्या पॉप गाण्यात निघाला याचं अप्रूप.

यापुढचं जरा कडू आहे. माझ्या कपाटात स्टॅक्सचे जे अल्बम आहेत त्यांच्या पाठीवर दोन वेगवेगळ्या गटांतल्या कंपन्यांची नावं आहेत. १९६८ पर्यंतचे अटलांटिक आणि ऱ्हायनोचे, त्यानंतरचे कॉनकॉर्ड आणि क्राफ्टचे. सुरुवातीला मला वाटायचं असेल काहीतरी वितरणाचं. मग एका रिइश्यूच्या पुस्तिकेत सगळी हकीकत वाचली. जिम स्टुअर्टचा अटलांटिकशी व्यवहार आधी नुसता शब्दावर चालायचा, १९६५ मध्ये कागद झाला आणि त्याने तो नीट न वाचता सही केली. १९६७ च्या डिसेंबरात, १० तारखेला, ओटिसचं विमान विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तळ्यात पडलं. तो २६ वर्षांचा. बरोबर बार-केज नावाचा पोरसवदा बँड, त्यातले चौघे गेले, ट्रम्पेटवाला बेन कॉली तेवढा वाचला, आणि जेम्स अलेक्झांडर हा बेसवाला वाचला कारण विमानात जागा नव्हती म्हणून तो दुसऱ्या विमानाने येणार होता. शेवटी शीळ घातलेलं ते समुद्रकिनाऱ्याचं गाणं, 'डॉक ऑफ द बे', ओटिसने जाण्याआधी काही दिवसच रेकॉर्ड केलं होतं, ते जानेवारीत आलं आणि अमेरिकेत एक नंबरला गेलं, गेलेल्या माणसाचं गाणं तिथवर पोचायची ती पहिलीच वेळ. एप्रिलच्या ४ तारखेला मार्टिन ल्यूथर किंग यांना मेम्फिसमध्येच गोळी घातली, लॉरेन मोटेलच्या गॅलरीत. हे लॉरेन म्हणजे स्टॅक्सच्या लोकांची हक्काची जागा होती, काळे-गोरे एकत्र बसू शकतील अशी. क्रॉपरने पिकेटबरोबर आणि एडी फ्लॉइड या गायकाबरोबर तिथल्याच खोल्यांत गाणी लिहिली होती. आणि याच काही महिन्यांत अटलांटिक वॉर्नर या बड्या कंपनीला विकली गेली, जिम स्टुअर्ट कागद काढून बघतो तर स्टॅक्समध्ये आजवर रेकॉर्ड झालेलं आणि अटलांटिकने बाजारात आणलेलं सगळं अटलांटिकच्या मालकीचं. मास्टर टेप त्यांच्या. ओटिस त्यांचा. सॅम अँड डेव्ह ही गायकांची जोडी तर अटलांटिकने मुळातच उसनी दिलेली होती, ती परत गेली.

म्हणजे विचार करा, कंपनी आहे, थिएटर आहे, वाजवणारे आहेत, आणि मागचं काहीच नाही. अल बेल नावाचा काळा माणूस तेव्हा कारभार बघायला लागला होता, तो म्हणाला ठीक आहे, एकदमच नवीन कॅटलॉग तयार करू. १९६९ च्या मध्यात एका दमात २७ अल्बम काढले. अर्थातच त्यातले बरेच घाईत उरकलेले आहेत, मी ऐकलेत त्यातले काही, ऐकू नका. पण त्या गर्दीत, कुणाचं फारसं लक्ष नसताना, आयझॅक हेजने 'हॉट बटर्ड सोल' काढला. मोजून चार गाणी. एक बारा मिनिटांचं, एक अठरा मिनिटांच्या वर, ज्याच्यात हा बाबा गाणं सुरू करायच्या आधी नुसता बोलतच बसतो. मागे बेसवर कोण, तर विमानात जागा न मिळालेला जेम्स अलेक्झांडर. हे माहीत नसताना तो अल्बम मला जरा लांबण लावलेला वाटायचा. माहीत झाल्यावर लांबण तशीच आहे, पण बेस ऐकताना आता मी फोन हातात घेत नाही.

स्टॅक्स १९७५ च्या शेवटी दिवाळखोरीत गेली. अल जॅक्सनचा त्याच वर्षी ऑक्टोबरात खून झाला. थिएटर १९८९ ला पाडलं. मग २००३ मध्ये त्याच जागेवर तसंच्या तसं परत बांधून म्युझियम केलंय, मी गेलो होतो, आतली जमीनसुद्धा उतरती केलीय. इमारतीचाही रिइश्यू झालाय म्हणा ना. तिथे उभं राहून मला फार काही वाटलं नाही हे खरं. तिथून गाडीने थोड्याच अंतरावर रॉयल स्टुडिओ आहे, तेही मूळचं थिएटरच, तिथे विली मिचेल या निर्मात्याने अल ग्रीनला हळू गा, अजून हळू गा असं सांगून सांगून सत्तरच्या दशकातली ती मऊ गाणी करून घेतली, आणि तो स्टुडिओ अजून चालू आहे. ते बाहेरून बघूनच मला जास्त बरं वाटलं.

टेप म्हणजे शेवटी वस्तू आहे, हे लोक विसरतात. आमच्या घरापासून पाऊण तासावर लाँग ब्रँच आहे, उन्हाळ्यात आम्ही मुलांना घेऊन समुद्रावर जातो, मराठी मंडळाची अर्धी पब्लिक तिथेच भेटते. तिथे अटलांटिकचं टेपचं गोदाम होतं, एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत. फेब्रुवारी १९७८ मध्ये ते जळलं. पाच-सहा हजार टेप गेल्या. बाजारात आलेल्या अल्बमांच्या मुख्य टेप बऱ्याचशा न्यूयॉर्कला होत्या म्हणून वाचल्या, पण न वापरलेले टेक, म्हणजे त्याच गाण्याची इतर रेकॉर्डिंग, अर्धवट सोडलेली गाणी, रिहर्सल, हे सगळं गेलं. म्हणजे आज कुठल्या रिइश्यूमध्ये तीनच बोनस गाणी आहेत आणि तेरा का नाहीत याचं उत्तर कधीकधी त्या किनाऱ्यावर आहे. पोरं वाळूत किल्ला करत असतात तेव्हा माझ्या डोक्यात हे चालू असतं, बोलत नाही मी.

जळल्या नाहीत त्या टेपही सुखात असतात असं नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या काही टेपवरचा चिकट थर हवेतली ओल पिऊन सुटायला लागतो, वाजवायला घेतल्या तर मशीनच्या हेडला चिकटतात आणि वरचा थरच खरवडून निघतो. त्यावर उपाय काय, तर टेप भाजतात. खरंच, पन्नास-पंचावन्न अंशावर कित्येक तास ठेवतात, मग ती थोडे दिवस वाजवण्याजोगी होते, तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. हे काम करणाऱ्या माणसाचं नाव पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर असतं. मी ते वाचतो.

नावांवरून आठवलं. मोटाउन ही डेट्रॉइटची कंपनी, बेरी गॉर्डीने १९५९ ला घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन सुरू केलेली, तिच्या साठच्या दशकातल्या बहुतेक सगळ्या हिट गाण्यांमागे तीच ती मूठभर माणसं वाजवत होती, फंक ब्रदर्स म्हणायचे त्यांना, आणि त्यांची नावं कव्हरवर कुठेही नसायची. जेम्स जेमर्सनची बेस गिटार जगातल्या प्रत्येक पोराने ऐकलीय आणि त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. १९७१ मध्ये मोटाउनचा गायक मार्विन गे याचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' आला, ज्याचं शीर्षकाचं गाणं बाजारात आणायलाच गॉर्डी तयार नव्हता, त्या अल्बमवर पहिल्यांदा वाजवणाऱ्यांची नावं छापली. २००१ च्या डिलक्स एडिशनमध्ये या अल्बमचा आधीचा डेट्रॉइट मिक्स आहे, जो बाजूला ठेवून नंतर लॉस एंजेलिसला वेगळा केला आणि तोच जगाने ऐकला. डेट्रॉइटवाला कोरडा आहे, तालवाद्यं जवळ, गुळगुळीतपणा कमी. मला दोन्ही हवेत, पण कुणाला पहिल्यांदा ऐकवायचं असेल तर मी नेहमीचाच ऐकवीन. जुनं सापडलं म्हणजे ते जास्त खरं, ही एक नवीनच अंधश्रद्धा आहे.

हे सगळं वाचताना मराठी माणसाला जे वाटायचं ते वाटतंच. आपल्या भावगीतांच्या जुन्या तबकड्यांवर गायक, कवी, संगीतकार, झालं. तो व्हायोलिनचा तुकडा कुणी वाजवला? तबल्यावर कोण होतं? घरातल्या म्हाताऱ्या जाणकाराला विचारायचं आणि तो गेला की संपलं. इथे निदान पन्नास वर्षांनी का होईना कुणीतरी जुन्या रजिस्टरमधून सेशनच्या तारखा काढतं, जिवंत असलेल्या वादकांना फोन करतं आणि चार पानांत नावानिशी छापतं. आपल्याकडे जुन्या गाण्यांची सीडी निघाली की कव्हरवर सूर्यास्त आणि आत कोरा कागद.

आता इतकं कौतुक केलं तर दुसरी बाजूही सांगतो, कारण या धंद्यात लबाडी पुष्कळ आहे. नव्वदनंतरचे बरेच रिमास्टर म्हणजे आवाज चढवून चढवून सगळं एका पातळीला आणलेलं, तो अल जॅक्सनचा नखभर थांबा त्यात गायबच. दुसरं, बोनस गाणी. अल्बम एका ठिकाणी संपतो, गायकाने तो तिथे संपवलाय, आणि लगेच त्याच गाण्याचा चौथा टेक सुरू होतो. अरे थांबा की जरा! वेगळ्या सीडीवर द्या ना. तिसरं, किंमत. जाड प्लास्टिक, १८० ग्रॅम, चकचकीत खोका, आणि आत टेप कुठली वापरली त्याचा पत्ताच नाही. २०२२ मध्ये तर मोबाइल फिडेलिटी या महागड्या रिइश्यूंसाठी नावाजलेल्या कंपनीचं बाहेर आलं की मूळ टेपवरून थेट म्हणून लोक जे घेत होते त्यात कित्येक वर्षं मधे एक डिजिटल कॉपी होती. कोर्टकचेऱ्या झाल्या. मला त्यात मजा एवढीच वाटली की सोन्याचे कान असलेल्या एकाही बुवाला ते ऐकून कळलं नव्हतं. रेकॉर्ड चांगल्याच वाजत होत्या, अजून वाजतात.

आणि काही रिइश्यू असे असतात की त्यांना रिइश्यू म्हणता येत नाही कारण आधी ते निघालेच नव्हते. बेटी लव्हेट ही डेट्रॉइटची गायिका, १९७२ मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सला जाऊन तिने पूर्ण अल्बम केला आणि कंपनीने तो फडताळात टाकला. कारण सांगितलं नाही. २००० साली एका फ्रेंच संग्राहकाच्या खटपटीने तो बाहेर आला, तोपर्यंत बाई पन्नाशीच्या पुढे. नंतर तिचं दुसरं करियर सुरू झालं, पुरस्कार, मोठे कार्यक्रम, सगळं. तो अल्बम ऐकताना गाणी सुंदर आहेत हे जाणवतंच, पण माझ्या डोक्यात सारखं येतं की ही पंचविशीतली बाई आहे आणि तिला वाटतंय हे पुढच्या महिन्यात दुकानात असेल.

गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते मात्र अल्बमनेही नाही, स्टॅक्सच्याच गीतकारांच्या डेमोंनी. २०२३ मध्ये सात सीडींचा संच निघाला, १४६ रेकॉर्डिंग, त्यातली सहा सोडली तर बाकी सगळी पहिल्यांदाच बाहेर आलेली. शेरिल पावेल्स्की नावाची बाई पंधराहून जास्त वर्षं या टेपांच्या मागे होती. गाणं लिहिलं की लिहिणाराच ते गिटार किंवा पियानो घेऊन टेपवर गाऊन ठेवायचा, मोठ्या गायकाला ऐकवायला आणि हक्क नोंदवायला, संपलं त्या टेपचं काम. कुणी परत ऐकेल असं त्यांना वाटलंही नसणार. त्यामुळे त्यात पॉलिश शून्य. मॅक राइस पुढे स्टेपल सिंगर्सनी देशभर गाजवलेलं गाणं स्वतः गातो, आणि त्यात त्यांच्या मुख्य गायिकेचा, मेव्हिस स्टेपल्सचा, दरारा नाही, एक माणूस दुसऱ्याला चार शब्द सुनावतोय एवढंच आहे, आणि ते तितकंच पटतं. बेटी क्रचर आहे, त्या कंपनीत पगारावर गाणी लिहिणारी बहुधा एकटीच बाई, होमर बँक्स आणि रेमंड जॅक्सनबरोबर लिहायची, गाणी पुरुषांनी गाजवली. इथे तिचा स्वतःचा आवाज आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये गेली, संच त्यानंतर आठेक महिन्यांनी निघाला.

आणि यातली काही गाणी सपशेल टुकार आहेत, हेही सांगायला हवं. यमकासाठी ओढूनताणून आणलेली ओळ, दुसऱ्याच कुणाच्या हिट गाण्याची चाल जरा वाकवून बसवलेली, मधेच अडखळणं, आणि पहिल्या कडव्यातच कळतं की हे कुणी घेतलं का नसेल. मी तीसुद्धा पुढे न ढकलता ऐकतो. आठवड्याला इतकी गाणी द्यायची होती या लोकांना, नोकरी होती ती, आणि टुकार गाणं गातानाही माणूस जीव लावूनच गातोय, कारण त्या दिवशी त्याला कुठे माहीत होतं की यातलं कुठलं चालणार आहे.